चंद्रप्रभाबाईंचं चैत्रांगण

आमच्या नोएडाच्या सोसायटीत चैत्रांगण निघायचं ते एकाच दारात, बेहेऱ्यांच्या. गौरीचा झोका, तुळस, कासव, गाईची पावलं, सारं चंद्रप्रभाबाई हाताने रांगोळीत काढत. दिवाळीनंतर अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला.

त्यांचे यजमान अण्णासाहेब. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून त्यांनी जन्मभर सरकारी इमारतींचे नकाशे काढले. आता ते कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारं यंत्र घरीच बांधायला शिकू लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, भंगारातल्या प्रिंटरच्या मोटारी जोडायचे. इतर लोक अशा यंत्राला लाकूड कोरायचं पातं लावतात. यांनी रांगोळीचं नरसाळं लावलं.

"बाई, चैत्रात हिचं चैत्रांगण हिच्या दारात उमटलंच पाहिजे," मला म्हणाले.

गौर बसली त्या सकाळी ते उमटलं. चंद्रप्रभाबाई चाकाच्या खुर्चीतून बघत होत्या.

"अहो, माझा झोका थांबला की!"

त्या झोका नेहमी एका बाजूला गेलेला काढत. पण अण्णासाहेबांकडे एकच जुना फोटो होता, तोही तिरका घेतलेला. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळंच सरळ करून टाकलं होतं.

"कललेला दिसला गं, म्हणून ओळंब्यात आणला."

"अच्छा! म्हणजे इतकी वर्षं माझं चुकतच होतं?" त्या हसल्या. "राहू द्या. उद्या मी सांगते, किती कलवायचा ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झटका आला. हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या, पण वाचा गेली होती; आपलं बोलणं त्यांना कळतंय की नाही, तेही समजत नव्हतं.

चैत्रांगण अक्षय्यतृतीयेपर्यंतच काढायचं असतं. अण्णासाहेब रोज झोका थोडा कलवत, खुर्ची दारात आणत आणि विचारत, "एवढा? की अजून?" त्या नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत. मग ते ओल्या फडक्याने सगळं पुसत.

शेवटच्या दिवशी मी हळदीकुंकवाला शेजारणींना बोलावलं. आंब्याची डाळ मीच केली. समोरची क्षिप्रा वाकून म्हणाली, "काका, बिल्कुल छापल्यासारखं! एक रेघ वाकडी नाही."

अण्णासाहेबांनी मान हलवली. सगळ्या गेल्यावर ते खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

"प्रभा, आज तरी बरोबर आहे का गं?"

बाईंनी डोळे मिटले. ते होकाराचं मिटणं होतं की थकव्याचं, कळलं नाही. अण्णासाहेबांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि त्यांनी डोळे उघडण्याची वाट बघत तसेच बसून राहिले.