धावपट्टीवरची बंजारीण

यवतमाळची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी लांबवली, तेव्हा मी तिथं ओव्हरसिअर होतो. वाढवलेला तुकडा तांड्यावरून पलीकडच्या गावी जाणाऱ्या पायवाटेवर आला. पहिलं मोठं विमान यायचं त्या दिवशी अधिकारी हार घेऊन उभे होते, आणि एक म्हातारी बंजारीण डोक्यावर गाठोडं घेऊन नव्या डांबरावरून चालली होती. विमान खाली आलं, तिला पाहून पुन्हा वर गेलं.

मी धावलो. बंजारे आईला याडी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

"याडी, लवकर चल! विमान खोळंबलंय."

"मायी पोरगी बाळंतपणात अडली हाये," ती न थांबता म्हणाली. "तिले कसं थांबवू?"

मी तिचं गाठोडं माझ्या डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांदेखत तिला कडेला पोचवलं. तोवर विमान घिरट्या घालत होतं.

उतरल्यावर पाहुण्यांनी उशिराचं कारण विचारलं.

"पट्टीवर रहदारी होती, साहेब," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती परतली. पट्टीच्या कडेला थांबून तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"नात झाली, बाबू. दोघीबी बऱ्या हायेत."

मग तिनं मान वर करून सगळं आभाळ नीट न्याहाळलं.

"वरून कोनी येऊन तं नाही राह्यलं ना?"