एका संख्येची दोन उत्तरं आणि सुनीलचा दात

मंडळी, आज मी धुळ्याच्या सुनीलचा दात पाडला.

परवा मूळ संख्या शोधणाऱ्यांच्या आपल्या या गटात छाती ठोकून लिहिलं होतं, की मला सापडलेली ती लांबलचक संख्या मूळ संख्या आहे. सुनीलच्या कॉम्प्युटरवर संख्या तपासणाऱ्या त्याच प्रोग्रामनं 'नाही' सांगितलं. फोनवर मला म्हणाला, "ए सातवी नापास, तुनं मशीन बी तुनासारखंच येडं शे!" तडक जळगावहून एसटी पकडली आणि त्याच्या दारातच ठोसा हाणला. त्यानं पान्यानं माझं डोकं फोडलं.

परत येऊन संख्या दोनदा तपासली. एकदा मूळ, एकदा नाही! कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर मी काम करतो त्या कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या रुईनं पंखा गच्च. मशीन तापून बरळत होतं. पंखा साफ केल्यावर सुनीलचंच उत्तर आलं.

माझी संख्या यादीतून खोडा. गाव सोडून कामासाठी इकडे आल्यावर, घरापासून इतक्या लांब मिळालेला तो एकच मित्र. फोनवर त्याला पहिलं वाक्य काय बोलू?