दिवस मावळायच्या आत

आमच्या पलीकडच्या शेजाऱ्यांइतका भांडायला कुचकामी माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. आणि भांडणातलं मला कळतं. शाळा चौथीत सुटली, पण अंबडच्या कारखान्यात जन्म काढला. मी पहिला मागे सरलो असं कुणी दाखवून द्यावं. शेजारी ख्रिस्ती, त्याच कारखान्यात स्टोअरला. भांडायला उभे राहायचे झोकात. आवाजही दणदणीत, दर रविवारी देवळात गाऊन कमावलेला. चर्चला ते देऊळच म्हणतात. पण भांडण कसलंही असो, दिवस मावळायच्या आत मिटवायचं, हा त्यांचा नेम. राग उशाला घेऊन झोपू नये, असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. शास्त्रात काय, पुष्कळ असतं, आमच्याही आहे. ते पाळत बसणारा माणूस मात्र मी हा एकच पाहिला.

सकाळी पाण्याच्या मोटरवरून आमची जुंपायची, आणि संध्याकाळी ऊन कुंपणावर टेकलं की हे झाकलेली वाटी घेऊन दारात. "चुकलं माझं, भाऊ." चूक कुणाची, हा विषयच नाही. निम्म्या वेळा माझी असायची, पण ते मी कशाला सांगू? पावसाळ्यात तर कहर. ढगांमुळे दिवस कधी मावळतो कळेना, म्हणून हे आमच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त बघायला यायचे. मी फुगून बसलेला, आणि हे चष्मा पुसत म्हणणार, "अजून वेळ आहे, भाऊ. तुमचा राग चालू द्या, तोवर मी चहा घेतो." आणि आमची मंडळी आलं घालून चहा करून द्यायची, तोही माझ्या कपात.

एकदा कारखान्यात सुपरवायझरशी त्यांचं वाजलं. तो राहायचा इगतपुरीला. शिफ्ट सुटली तसे हे बस धरून तिकडे, मुसळधार पावसात. दारात ओलागच्च माणूस उभा बघून सुपरवायझरला वाटलं, हा मारायलाच आला. त्याने काठी उचलली. हे म्हणाले, "काठी मग घ्या, आधी माफी घ्या. दिवस मावळतोय." रात्री त्याचीच लुंगी नेसून जेवले आणि सकाळी दोघं एकाच बसने कामावर आले. कारखान्यात महिनाभर हसत होते लोक. पण त्या दोघांचं पुन्हा वाजलं नाही, हेही खरं.

टपरीवर मला एकाने बजावलं, "सांभाळा, असंच गोड बोलून धर्मात ओढतात." मी म्हटलं, ओढू तर देत. जबाब तयार करून ठेवले चांगले खणखणीत. वर्षं गेली, हा माणूस देवाबद्दल चकार शब्द काढेना. शेवटी मीच विचारलं, "काहो, तुमच्या प्रभूचं मला कधी काही सांगत नाही?" तर म्हणे, "तुमची भांडणं मिटवण्यातच दिवस जातो, भाऊ. सांगायला वेळ कुठे ठेवता?"

मंडळी मला टोचायची. "एकदा तुम्ही जा की त्यांच्या दारात. पाय झिजतील का?"

"त्यांचा देव पाठवतो त्यांना. आपला कुठं काय म्हणतो?"

"आपल्या देवाने लाज तर दिलीय ना?"

आता शेवग्याचं सांगतो. त्यांच्या कुंपणात शेवगा होता, त्यांच्या वारलेल्या बायकोने लावलेला. पानं माझ्या गच्चीवर पडायची. एक दिवस मी न विचारता मोठी फांदी तोडून टाकली. ते बाहेर आले, फांदीकडे बघितलं आणि आत गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. दिवसभर भाकरी गोड लागली नाही. संध्याकाळी मी धुतलेला सदरा घातला, चपला पायात सरकवल्या. आज आपण पहिलं जायचं. आणि उंबऱ्यापाशी थांबलो. म्हटलं, येतीलच की ते. आलेच. त्याच फांदीच्या शेंगा वाटीत. "चुकलं माझं, भाऊ. झाड तिकडे झुकायला नको होतं." मी वाटी घेतली. शेंगा खाल्ल्या.

पुढे त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. आता मुलगी येऊन राहिलीय; ती त्यांना व्हरांड्यात खुर्चीत बसवते. माझं नाव त्यांना आठवत नाही. मोटरवरून मी मुद्दाम दोनदा ओरडून पाहिलं. ते नुसते हसले.

म्हणून आता मी जातो. ऊन कुंपणावर आलं की सदरा बदलतो, वाटीत काहीतरी घेतो. मंडळी वाटीवर झाकण ठेवते. वाटेत मनात घोकत असतो: शेवग्याचं चुकलं माझं. सोपं आहे, चौथीतल्या पोरालाही जमेल. पण मी फाटक उघडतो न उघडतो, तोच ते मान वर करतात. कोण आलंय हे त्यांना ठाऊक नसतं. पण चेहरा उजळतो आणि ते म्हणतात, "चुकलं माझं, भाऊ. या, बसा."

मी बसतो. दिवस मावळेपर्यंत बसतो. उद्या फाटकाबाहेरूनच म्हणून टाकीन म्हणतो.