गोचीड चिरडली त्यानंतर

आमच्या मॅडम तापाच्या डॉक्टर. सर्दी-खोकल्याच्या तापाच्या नव्हेत. ज्या तापाचं नाव घेताना दवाखान्यातली माणसं आधी दार लावून घेतात, त्या तापाच्या. गुरांच्या अंगावरच्या गोचिडीतून माणसात उतरणारा एक विषाणू आहे. आधी ताप, अंगदुखी, आणि मग हिरड्यांतून, नाकातून रक्त. तो या भागात आहे की नाही हे बघायला त्या नगर जिल्ह्यात आल्या होत्या. सोनईत दोन खोल्यांचं ऑफिस, एक जीप, आणि जीपवर मी.

मी इकडचा नाही. वैनगंगेकाठचा, धानाच्या मुलखातला. सातवीत शाळा सुटली, शेळ्या-म्हशींमागे फिरलो, पुढे ऊसतोडणीच्या मशीनवर मदतनीस म्हणून इथवर आलो. हंगाम संपला, मशीन गेलं, मी राहिलो. मॅडमना गुरांना न भिणारा ड्रायव्हर हवा होता. शिक्षण विचारलं, मी खाली बघत सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हैस धरता येते ना? मग झालं." पुढे त्यांनीच मला बाटलीवर चिठ्ठी लिहायला शिकवलं, हातमोजा उलटा करून काढायला शिकवलं. इतक्या शिकलेल्या बाईने मला शेजारी बसवून शिकवलं, यावर आमच्या घरी कुणाचा विश्वास बसत नव्हता.

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात आम्ही गोचिड्या गोळा करायचो. चिमट्याने धरायची, बाटलीत टाकायची, झाकण लावायचं. उघड्या हाताने शिवायची नाही. चिरडायची तर अजिबातच नाही, कारण जे काही असेल ते तिच्या पोटातल्या रक्तात असतं.

मी 'का'ला 'काहून' म्हणतो म्हणून बाजारातले व्यापारी मला काहूनवाले म्हणायचे. "ओ काहूनवाले, आमी फुकट मारतो अन् तुमी बाटलीत ठिवता! लई भारी नोकरी हाय राव." मी हसून द्यायचो.

त्या दिवशी दुपारी मी हातमोजे काढून चहा घेत होतो. मॅडम बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जनावरांच्या डॉक्टरांशी बोलत होत्या. शेजारच्या व्यापाऱ्याने आपल्या गाईचा कान वर धरला. "भाऊ, ही ऱ्हायली बघा." कानामागे एरंडाच्या बीएवढी फुगलेली गोचीड होती. माझा हात गेला. मी विचार केला आणि मग हात गेला असं झालं नाही. हात आधी गेला. लहानपणापासून हेच केलेलं. ओढली, दगडावर ठेवली, अंगठ्याच्या नखाने दाबली. टचकन फुटली. अंगठ्यावर काळपट रक्त आलं. नखाशेजारची कातडी गुरांच्या दाव्याने सोललेली होती, आणि रक्त नेमकं तिथंच होतं.

"काय झालं? तोंड का उतरलं?" व्यापारी म्हणाला.

"काही नाही."

"अहो, आमचा जलम गेला ह्येच करन्यात. आमाला काय धाड भरलीय?"

त्याचं खरंच होतं. घरोघरी लोक रोज गोचिड्या मारतात आणि धडधाकट असतात. मी ते वाक्य धरून बसलो. चहावाल्याच्या पिंपातलं पाणी घेऊन हात धुतला, हातमोजे चढवले, कामाला लागलो. मॅडम आल्या तेव्हा त्यांना बाटल्या दाखवल्या, अंगठा नाही. शेवटी सातवीचाच, असं त्यांच्या तोंडून निघालं असतं तर मला सहन झालं नसतं. आणि काम गेलं असतं तर घरी कुठल्या तोंडाने जायचं?

ऑफिसात एक वही होती. बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाने पुढचे चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून त्यात लिहायचा. दोन दिवस माझा आकडा बरोबर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कंबर धरलेली, डोळ्यांच्या मागे ठणका. थर्मामीटर बगलेत धरला. शंभरच्या वर पारा गेलेला बघितला आणि काढून ठेवला. वहीत अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं. मेडिकलमधून तापाची गोळी आणून घेतली. संध्याकाळी थर्मामीटर लावलाच नाही. तोच आकडा पुन्हा लिहिला. दात घासताना पाणी लालसर दिसतंय का म्हणून मी चूळ ओंजळीत धरून उजेडात नेली.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काहून जी, आवाज असा काहून येऊन राह्यला तुमचा?"

"धूळ आहे इकडे."

"धूळ तर रोजच रायते."

मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडमना घेऊन नगरला निघालो. गोळीचा जोर उतरत होता.  रस्त्यात त्यांना कुणा डॉक्टरचा फोन आला, एका रुग्णाबद्दल.  फोन झाल्यावर मॅडम आपणहून बोलू लागल्या. एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नसत.

त्या तरुण असताना वॉर्डात होत्या. अशाच तापाचा रुग्ण आला होता. त्याचं रक्त पुसणाऱ्या मावशींना आठवड्याने ताप आला. मावशींनी सांगितलं नाही, कामावर येत राहिल्या. सांगितलं तेव्हा हिरड्या सुजल्या होत्या. "औषध कपाटात होतं," मॅडम म्हणाल्या. "माझ्यापासून दहा पावलांवर. विषाणू स्वतःच्या नकला काढतो, झेरॉक्सच्या मशीनसारख्या. औषध त्या मशीनमध्ये चुकीचा कागद घालतं. पण नकला काढून वाटूनही झाल्या, तर कागद घालून काय करायचं?" त्यानंतर त्यांनी वॉर्ड सोडला आणि प्रयोगशाळेत गेल्या. आजवरचं सगळं काम तिथून सुरू झालं होतं.

पांढरीच्या पुलापाशी मी जीप कडेला घेतली.

"मॅडम, मला ताप आहे."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"वहीत?"

"खोटं लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगठा पुढे केला, बाजारातलं सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "चिरडलीस ते किती वाजता?" मग मास्क लावला, हातमोजे घातले, मलाही मास्क दिला, सगळ्या काचा खाली घेतल्या. "मागे बस. गाडी मी चालवते." त्यांना जीप चालवायची सवय नव्हती. गिअर खरखर वाजत होते, आणि ऐकताना मला आपणच मॅडमचं काहीतरी मोडतोय असं वाटत होतं.

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. रक्त घेतलं. रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करायच्या होत्या, त्यासाठी संमतीचा कागद होता. मॅडमनी तो ओळीओळीने वाचून दाखवला. "ही गोळी किती उपयोगी पडते यावर आमच्यातच भांडणं आहेत," त्या म्हणाल्या. "खात्री देत नाही. लवकर दिलेली बरी, एवढंच माझं मत. पटलं तर सही कर." मी सही केली.

मग त्यांनी विचारलं, दोन दिवसांत कुणाबरोबर जेवलास, कुणाचा टॉवेल वापरलास? मी घरमालकाच्या घरची नावं सांगितली. त्यांची लहान नात माझ्या ताटातलं खायची.  त्या घरी थर्मामीटर पोचला. घरमालकिणीचा फोन आला. "भाऊ, घरातला समजत हुतो तुमाला. तोंडानं सांगाया काय झालं हुतं?"  दवाखान्याच्या खोलीत मी रक्त दिसतंय का म्हणून दिवसातून कितीदा थुंकी बघितली, सांगता येणार नाही.

पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. "फार लवकर घेतलेला नमुना असू शकतो," मॅडम खिडकीबाहेरून म्हणाल्या. दुसराही स्वच्छ आला. ताप उतरला. घरमालकांच्या नातीला काही झालं नाही. माझा ताप कसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि गाईच्या गोचिडीत काय होतं तेही नाही; मी ती दगडावर संपवली होती.

मला कामावरून काढलं नाही. वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात मॅडमनी देखरेखीतली चूक म्हणून आधी स्वतःचं नाव लिहिलं. ते मी टाइप होताना बघितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. बाजारात मात्र मला नेत नाहीत. आता मी फोनवर बसतो. तापाचा रुग्ण असला की गावोगावचे लोक, डॉक्टर फोन करतात; पहिले प्रश्न मी विचारतो.

परवा एका बाईंचा फोन आला. नवऱ्याला तीन दिवसांपासून ताप होता. मी म्हटलं, त्यांच्याकडे द्या.

"दादा, गोचीड हाताने मारली होती का?"

"न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई," तो म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आत.

मी पेन खाली ठेवलं. "दादा, तुम्हाला कोणी रागवणार नाही. मीही मारली होती. आठवून सांगा."

 पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठंतरी गाय हंबरत होती. मारली आहे, अशी मी मॅडमना हाताने खूण केली. त्या खुर्चीवरून उठल्या.