कालवडीचा हाफ स्वेटर

नवी लोकर घरात आली की प्रेमला खासनीस यांना दुसरं काही सुचत नसे. गुंडा उजेडात धरून रंग बघायचा, गालाला लावून मऊपणा बघायचा आणि चहा उकळेपर्यंत सुयांवर टाके घालूनही व्हायचे. पाठ झरझर विणून होई. पुढचा भागही होई. मग तुकडे जोडायचे, गळा बांधायचा, सुटे धागे आत ओवायचे एवढंच काम उरलं की त्यांना अचानक दुसराच रंग आवडू लागे. विणलेले तुकडे जुन्या पत्र्याच्या पेटीत जात.

"आमच्याकडे स्वेटर नाहीत, स्वेटरचे अवयव आहेत," असं त्यांचे यजमान सुहास आल्यागेल्याला सांगत. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं प्रेमलाताईच हसत.

पण लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांनी सुहासना एक स्वेटर पुरा करून दिला होता. घरभर माणसं होती. सुहासनी तो घालायला घेतला आणि गळा काही डोक्यातून उतरेना. हात वर, तोंड लोकरीत, अशा अवस्थेत ते खोलीभर फिरले. सासरची मंडळी पोट धरधरून हसली, आणि पुढे कितीतरी दिवाळ्या तो किस्सा पुन्हापुन्हा निघाला. प्रेमलाताईंनी कधी राग धरला नाही. फक्त तेव्हापासून जोडणीची वेळ आली की त्यांचा हात थांबे. सुटे तुकडे कसे छान दिसत. ते जोडले की चूक उघडी पडणार, याची त्यांना धास्ती होती.

राहुरीच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. घराच्या मागच्या रस्त्यापलीकडे राहीबाईंचं रान आणि गोठा होता. रोज सकाळी किटली घेऊन दुधाला जायचं आणि दोन गोष्टी बोलून यायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या डिसेंबरात कालव्याकडून असा गारठा येत होता की सकाळी किटलीची कडी हातात धरवत नव्हती. एके दिवशी त्या गोठ्यात गेल्या तर धारा तशाच राहिलेल्या. राहीबाई खाली फतकल मारून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक इवलंसं वासरू थरथरत होतं. शेजारी त्यांचा थोरला मुलगा बजरंग घमेल्यात शेकोटी पेटवत होता.

"पहाटं याली गाय. दिवस भरायच्या आधीच," राहीबाई म्हणाल्या. "डाक्टर येऊन गेलं. ऊब द्या म्हनलं. पन ह्ये गोनपाट काय टिकंना अंगावर. उभं ऱ्हायला गेलं की घसरतंय."

प्रेमलाताईंनी वासराच्या खांद्यांकडे बघितलं, मग पुढच्या पायांकडे. आणि रिकामी किटली हातात घेऊन त्या घराकडे धावल्या.

"दूध?" दारात सुहासनी विचारलं.

"थांबा हो जरा!"

पेटीतून त्यांनी मरून रंगाच्या हाफ स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग उपसून काढला, सुई-लोकर घेतली आणि पुन्हा गोठा गाठला. दोन्ही तुकडे वासरावर धरले. पुढचे पाय बगलेच्या जागी अगदी नीट बसत होते.

"शिवा की मग," राहीबाई म्हणाल्या.

"इथं? असं मापाशिवाय? बगलेत ओढ बसेल, राहीबाई. एक बाजू वर जाईल, वाकडं दिसेल—"

"ताई, वासराला काय आरसा दावायचाय?"

प्रेमलाताई हसल्या आणि सुईत लोकर ओवली. बजरंगनं वासरू धरलं, राहीबाईंनी कडा जुळवून धरल्या. खांदे जोडले, कुशी अर्ध्यापर्यंत शिवल्या, पोटाखालचा भाग मोकळा सोडला. गळ्यातून डोकं घालताना मात्र त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"गेलं की!" राहीबाई ओरडल्या.

गायीनं आपल्या पोरीला हुंगलं, मरून रंगाची लोकर दोनदा चाटून बघितली आणि नाक फेंदारून मान फिरवली. तेवढ्यात सुहास दुधाच्या शोधात येऊन पोचले. कालवडीकडे टक लावून बघत म्हणाले, "हा माझ्या वाढदिवसाचा ना?"

"तिला तुमच्यापेक्षा जास्त शोभतोय," प्रेमलाताई म्हणाल्या.

पाठ मात्र लांब झाली होती. तासाभरात शेपटीकडचा भाग घाण झाला आणि गायीनं एक सुटा धागा चघळायला घेतला. प्रेमलाताई पुन्हा घरी गेल्या. पेटीतले दुसरे तुकडे उसवून आखूड केले, टाके बंद केले, पोटाखालून बांधायला नाड्या लावल्या. धागे या वेळी एकूण एक आत ओवले, कारण लोकर गायीच्या पोटात गेली तर पंचाईत. संध्याकाळच्या धारेला कालवडीला कोरडा स्वेटर मिळाला. काम पुरं झाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते सुहासनी दाखवून दिलं.

दोन दिवसांनी कालवड स्वतःच्या पायांवर उभी राहून दूध प्यायली. राहीबाईंनी तिचं नाव लोकरी ठेवलं.

दूध संकलन केंद्रावर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी करडांसाठी विचारू लागलं, कुणी जुने, उसवलेले स्वेटर आणून देऊ लागलं. प्रेमलाताई ते उसवत, लोकरीच्या लडी कोमट पाण्यात धुवून, खाली वजन बांधून दोरीवर टांगत. मग लोकरीचा कुरळेपणा जाई. दुपारी राहीबाई ओसरीवर येत. गोधड्या शिवून त्यांचा टाका असा घट्ट बसला होता की वासरानं कितीही अंग घासलं तरी शिवण हलत नसे. दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून होई. प्रेमलाताईंना रंगसंगती हवी असे, राहीबाईंना सगळं भडक.

"धुक्यात लांबून दिसाया पायजे," त्यांचं म्हणणं.

जानेवारीत बजरंग काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला टेम्पो घेऊन निघाला, तेव्हा दोघी मागे गाठोडं टाकून त्याच्याबरोबर गेल्या. आधी लोक नुसतेच बघून हसले. एका म्हाताऱ्यानं आपल्या शेळीच्या करडाला पिवळा-जांभळा स्वेटर घालून बघितला आणि करडू उड्या मारत सुटलं, तशी गर्दी जमली. ऊन चढायच्या आत गाठोडं रिकामं झालं.

निघताना एक माणूस धावत आला. "बाई, आमच्या रेडकाला बसंल का एखादा? ते लई दांडगं हाय."

"गळा केवढा? हातानं दाखवा." त्यानं दाखवला. प्रेमलाताईंनी मनात टाके मोजले. "पुढच्या बाजारी घेऊन येते."

राहीबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "देनार का नक्की, ताई?"

"तुम्ही कडा धरा, म्हणजे झालं," असं म्हणून प्रेमलाताईंनी टेम्पोत बसल्या बसल्या पिशवीतून सुया काढल्या.