आत्या मला विचारायच्या

लग्न होऊन मोडनिंबहून सोलापूरला आले, तेव्हा काहीही विचारलं तरी माझं एकच उत्तर ठरलेलं असायचं, ‘काहीही चालेल.’ माहेरी वडील ठरवायचे, भाऊ आणून द्यायचा आणि मी वापरायचे. कॉलेजात कुठले विषय घ्यायचे तेही भाऊच सांगून आला होता. त्याचा राग नव्हता मला. सगळीकडे असंच असतं, असं वाटायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “आज भाजी कंची करायची?”

“काहीही चालेल, आत्या.”

“काय बी नावाची भाजी मंडईत मिळत न्हाय. नाव सांग की.”

पिशवी मांडीवर घेऊन त्या उंबऱ्यावर बसूनच राहिल्या. शेवटी मी घाबरत म्हटलं, “शेपू.”

घरात शेपू कुणालाच आवडत नाही, हे मला पानं वाढल्यावर कळलं. सासरे भाजी कडेला सारत होते. आत्यांनी मात्र दोनदा वाढून घेतली. “लई दिसांनी खाल्ली,” म्हणाल्या. त्यांनाही ती आवडत नाही, हे समजायला मला वर्ष लागलं.

मग त्यांचं विचारणं सुरूच राहिलं. पडदे कुठल्या रंगाचे, रविवारी जायचं कुठं. मी अडखळायचे, त्या थांबायच्या. मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा सात रस्ता चौकाजवळ रक्त-लघवी तपासायचा कोर्स आहे असं कळलं आणि मी एकटीच जाऊन चौकशी करून आले. घरी आल्यावर सांगून टाकलं. आत्या म्हणाल्या, “जा की मग.”

कोर्स अर्ध्यावर आला आणि ह्यांची बदली झाली. हे रेल्वेत, तोवर इथून जवळच होटगीला. आता दौंड.

“क्वार्टर मिळतंय,” चहा पिताना हे म्हणाले. “शाळेला सुट्टी लागली की सामान हलवू.”

सासरे लगेच टेम्पो कुणाचा सांगायचा त्यावर बोलू लागले. मी कप गोळा करत होते. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला काय वाटतंय?”

‘तुम्ही म्हणाल तसं’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. “मी कोर्स पुरा करणार. तोवर मी आणि पोरगी इथंच राहतो.”

“आणि माझ्या जेवणाचं?” ह्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरोखरच न कळून.

“तुला हात हायत की,” आत्या म्हणाल्या.

हे फुगून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यांजवळ जाऊन बसले. “चुकलं का हो माझं?”

त्या मटकी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चुकलं तर तुझं तू निस्तरशील. माझं तर चुकायचं बी दुसऱ्यांनीच ठरवलं.”

जाण्याच्या आदल्या दिवशी हे स्वयंपाकघरात आले. “पिठलं कसं करतात, दाखव जरा.” दौंडला केलेल्या पहिल्या पिठल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. तेही त्यांनी फोन करून सांगितलं, आणि मग आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत राहिलो. लग्नानंतर एवढ्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या.

कोर्स झाला, इथंच एका लॅबमध्ये नोकरी लागली. पुढं ह्यांचीही बदली पुन्हा सोलापूरला झाली.

आता मुलगी बारावीला आहे. पुढं काय करायचं, याचं तिचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. सध्या तिला माती आणि पिकं शिकायची आहेत. भर उन्हात शेतात उभं राहणं तिला जमेल का, असं रोज माझ्या मनात येतं. मी जीभ चावते आणि पुढं ऐकत राहते.