पहिला बाक

क्षमा मागण्याची एक रीत अशी असते की मागणारा ताठ उभा राहतो आणि मान खाली घालायची पाळी दुसऱ्यावर येते. ती मी महाडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पाहिली. अजून आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

माझे आईबाप महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. मिशनच्या शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको ब्राह्मणाघरातून. मंडळी एक, देव एक, प्रभुभोजनात सगळ्यांनी ओठ लावायचा प्यालाही एकच. पण मास्तरीणबाई नेहमी पहिल्या बाकावर. मनुका भिजवून केलेला त्यातला रस आधी त्यांच्या ओठांना लागायचा, मग मागे आमच्यापर्यंत यायचा. हा योगायोग आहे अशीच माझी समजूत होती.

तळ्याच्या पाण्यावरून गावात डोकी फुटली, त्या वर्षीची गोष्ट. हिंदूंना माणुसकी नाही म्हणून मास्तरीणबाईंनी भर प्रार्थनेत डोळे पुसले होते. पुढच्याच प्रभुभोजनाला वरंध घाट उतरून चर्चचे नवे पाळक आले. त्यांना आमची रीत काय ठाऊक! त्यांनी प्याला मागच्या बाकापासून सुरू केला. आई प्यायली, मी प्यायले. प्याला पहिल्या बाकावर पोचला तेव्हा मास्तरीणबाईंनी तो कपाळाला लावला आणि तसाच परत दिला. सगळ्यांनी पाहिले.

पाळक त्यांना बरेच बोलले असावेत. कारण पुढच्या रविवारी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी."

कोणाचं? असेल तर? माझ्या आईचे नाव घ्यायला जीभ झडली होती काय?

आई त्यांच्याकडे न बघताच घरी निघाली. संध्याकाळी मास्तर आमच्याकडे आले. आत नाही, अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "क्षमा न करणाऱ्याला देवही क्षमा करत नाही. मनात अढी ठेवलीत तर तुम्हांला प्रभुभोजन घेता येणार नाही, बाई."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! ज्या पंगतीसाठी आईने सासर-माहेर तोडले, त्याच पंगतीतून तिला उठवायला निघाले होते. मी तोंड उघडणार तोच आईने माझा हात दाबला.

"क्षमा केली हाय मी, मास्तर. माज्या मनात काय नाय. पन येत्या भोजनाला मी पयल्या बाकावर बसनार, बाईंच्या आधी. मंग बगू, अढी कुनाच्या मनात हाय."

आणि ती बसली. प्यायली, आणि प्याला शेजारी दिला. मास्तरीणबाई तो नुसता धरून बसल्या. मागे मंडळी माना उंचावून बघत होती. शेवटी डोळे मिटून, एरंडेल घ्यावे तसा त्यांनी एक घोट घेतला.

चर्चमध्ये हुंदके फुटले. पाळकांनी हात जोडले. केवढी ही नम्रता! बाहेर बायका मास्तरीणबाईंचे हात हातात घेत होत्या. आई चपला शोधत एका बाजूला उभी होती, तिच्याकडे कोणी फिरकले नाही. पुढे कितीतरी वर्षे पार पोलादपूरपर्यंतच्या सभांत त्या घोटाची साक्ष दिली जायची.

एका घोटात त्या संत झाल्या. आम्ही जन्मभर त्यांचे उष्टे पीत आलो, त्याला नम्रता म्हणायचे कोणाला सुचले नाही.